खेळातून लागणारे वळण

पावसाळा अर्धा सरला की कर्नाटकातील शाळांत क्रीडास्पर्धांचे दिवस सुरू होतात. प्रथम होबळीच्या, म्हणजे अनेक गावांच्या मंडळाच्या पातळीवर, मग तालुक्याच्या, नंतर जिल्ह्याच्या व विभागाच्या आणि सरतेशेवटी राज्याच्या, अशी ही चढण असते. बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटरांवर वसलेले होसकोटे हे असेच एक तालुक्याचे गाव. नावाचा अर्थ नवा कोट. मोठा तलाव, भुईकोटाच्या आठवणी, आणि आता बंगळूरच्या वाढीमुळे भोवती उठलेल्या गुदामांच्या व कारखान्यांच्या रांगा. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर यांच्याबरोबर होसकोट्याचेही नाव येते. त्या काळी आणि त्यानंतरही या मुलखात येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील मुले घरी मराठी व शाळेत कन्नड बोलतात, आणि कबड्डीच्या मैदानात उतरली की कोणती भाषा बोलतात हे त्यांचे त्यांनाही सांगता यावयाचे नाही.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात अशा प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकापुढे एक साधा कागद येतो. तो म्हणजे संघाची यादी. नाव, इयत्ता, जन्मतारीख, मुख्याध्यापकांची सही व शिक्का. वार्षिक संमेलनात पाहुण्यांनी खेळ व चारित्र्य यांविषयी कितीही सुंदर भाषण केले तरी मुलांना खरा धडा मिळतो तो या कागदावरून. कोणाचे नाव गेले, कोणाचे राहिले, आणि जन्मतारखेच्या रकान्यात काय लिहिले, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या आधी कळते.

जन्मतारखेपासूनच आरंभ करू. आपल्यापैकी पुष्कळ वाचकांच्या वडिलांचा वा आजोबांचा वाढदिवस १ जून हा असेल. त्या पिढीतील इतकी माणसे एकाच दिवशी जन्मली असे नव्हे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वय धरले आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली. त्यात कोणाचे कपट नव्हते. परंतु जन्मतारीख ही गुरुजींच्या टाकाने ठरविता येते, हा समज त्यातून रुजला, आणि वयोगटांच्या स्पर्धा आल्या तेव्हा तो उपयोगी पडू लागला. सतरा वर्षांखालील संघात अठरा-एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला गडी उभा केला की चढाईला येणाऱ्या पोरांची छाती आधीच दबते. सामना जिंकला जातो, शाळेच्या कपाटात ढाल येते. आणि मैदानाबाहेर ओळीने बसलेल्या बाकीच्या मुलांना एक गोष्ट समजते: आपले सर खोटे लिहितात, आणि शाळा त्याबद्दल टाळ्या वाजविते.

या विषयावर सर्वांत स्पष्ट बोललेला माणूस बंगळूरचाच आहे, आणि मराठी घरातला आहे. राहुल द्रविड यांचा जन्म १९७३ मध्ये इंदूरला झाला; पुढे कुटुंब बंगळूरला आले. वडील शरद द्रविड एका जॅम-मुरंबे करणाऱ्या कंपनीत नोकरीस, आई पुष्पाताई स्थापत्यशास्त्राच्या प्राध्यापक व चित्रकार. राहुल सेंट जोसेफ बॉइज हायस्कूलमध्ये शिकले. चिन्नास्वामी मैदानावरील उन्हाळी शिबिरात केकी तारापोर या शिक्षकांची नजर त्यांच्यावर पडली व तेथून त्यांच्या खेळास शिस्त लागली. पुढची १६४ कसोटी सामने व १३,२८८ धावांची कथा येथे सांगावयाचे कारण नाही. आपल्या विषयाशी संबंध आहे तो २०१५ नंतरच्या द्रविडांचा, म्हणजे शिक्षक झालेल्या द्रविडांचा.

त्या वर्षी ते भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचे प्रशिक्षक झाले. डिसेंबरमध्ये पतौडी स्मृतिव्याख्यान देण्याची वेळ आली तेव्हा एवढा थोर खेळाडू आपल्या गाजलेल्या खेळींविषयी बोलेल असे ऐकणाऱ्यांना वाटले असल्यास नवल नाही. ते बोलले वयचोरीविषयी. मुलाचे वय कमी दाखविणे ही लबाडी क्रिकेटातील निकालनिश्चितीच्या पंक्तीला का बसवू नये, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. मोठ्या वयाचा मुलगा लहानांत खेळविला की खऱ्या वयाच्या एका गुणी मुलाची जागा जाते. तो निराश होऊन खेळ सोडतो. आणि ज्याचे वय चोरले त्यालाही आईवडील व शिक्षक मिळून फसवेगिरीचा पहिला पाठ देतात. मग हाच मुलगा मोठेपणी पैशांच्या मोहात सापडला तर आश्चर्य कशाचे? या विचारसरणीत दोष मुलाकडे येत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दोष ठेवला आहे तो शिक्षकावर व पालकांवर.

नुसते व्याख्यान देऊन ते थांबले असते तर हा मजकूर येथेच संपला असता. परंतु २०१६ च्या विश्वचषकानंतर क्रिकेट नियामक मंडळाने नियम केला की एका मुलाने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळावा, आणि त्या आग्रहामागे द्रविड होते. या नियमाचा तोटा त्यांच्याच संघाला होता. २०१६ मध्ये भारत अंतिम सामन्यात हरला होता. २०१८ साठी जी अनुभवी मुले वयाने बसत होती, त्यांतील काही या नियमामुळे गेली. जिंकण्याची घाई असलेला कोणता शिक्षक आपल्या हातातील पिकलेला खेळाडू सोडून देईल? पण वयोगटाची स्पर्धा ही मुलांना वाढविण्यासाठी आहे, संघाच्या नावावर चषक लागावा म्हणून नव्हे, हे एकदा मान्य केले की दुसरा मार्ग राहत नाही. २०१८ मध्ये नव्या मुलांचा तो संघ विश्वविजेता झाला. तो झाला नसता तरी नियम योग्यच ठरला असता, असे आम्हांस वाटते. चांगल्या वागण्याचे फळ ढालीच्या रूपाने मिळते असे मुलांना सांगू नये. पुष्कळदा ते मिळत नाही, आणि मुले आपल्याला खोटे पाडतात.

त्या विजयानंतरची हकिकत वाचकांस आठवत असेल. मंडळाने बक्षिसे जाहीर केली: खेळाडूंस प्रत्येकी ३० लाख, द्रविडांस ५० लाख आणि त्यांच्या साहाय्यकांस २० लाख रुपये. द्रविडांनी हा भेद नाकारला. शेवटी द्रविडांसह सर्व साहाय्यकांस प्रत्येकी २५ लाख असे ठरले, म्हणजे त्यांची रक्कम निम्म्यावर आली. तयारीच्या वर्षभरात ज्यांनी काम केले पण स्पर्धेच्या वेळी संघाबरोबर जे नव्हते, त्यांचाही त्यात विचार झाला. २०२४ मध्ये मोठ्यांच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तेव्हाही ५ कोटींऐवजी इतर प्रशिक्षकांइतकेच अडीच कोटी घेण्याचे त्यांनी पसंत केले. रकमा आपल्यासारख्यांच्या कल्पनेपलीकडच्या आहेत, हे खरे. परंतु होसकोट्याच्या शाळेतही हाच प्रसंग दरवर्षी येतो, फक्त तो पन्नास लाखांचा नसतो. ढाल आल्यावर वार्ताहरापुढे छायाचित्रास कोण उभे राहते? पहाटे मैदानावर फक्की मारणारा शिपाई, मुलींच्या संघाबरोबर मुक्कामास गेलेल्या बाई, चेंडू व दोऱ्या सांभाळणारा नववीतला मुलगा, ही माणसे त्या छायाचित्रात असतात काय?

येथे एका शब्दाविषयी थोडे लिहिण्याची मुभा असावी. आमचा व्यवसाय अनुवादाचा. इंग्रजी लेखांत खेळाने ‘कॅरेक्टर’ घडते असे वाक्य हरघडी येते आणि प्रत्येक वेळी लेखणी अडते. ‘चारित्र्य’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात भलत्याच गोष्टी येतात. कोणाचे चारित्र्य चांगले नाही असे आपण कुजबुजत्या आवाजात सांगतो. ‘शील’ हा शब्द उत्तम, पण तो पोथीत बसलेला. ‘खिलाडूवृत्ती’ बक्षीससमारंभाच्या भाषणांत झिजून गुळगुळीत झाली आहे. आपल्या स्वयंपाकघरात मात्र एक नेमका शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे: वळण. मुलाला चांगले वळण लागले, असे आजी म्हणते. अक्षरालाही वळण असते, आणि ते गिरवून गिरवून लागते. कित्ता जसा असेल तसे लागते. क्रीडाशिक्षक हा मुलांपुढचा कित्ता होय. त्याने काय सांगितले ते मुले विसरतील, तो पंचाशी कसा बोलला ते विसरणार नाहीत.

मुंबईच्या शालेय क्रिकेटातील दोन सामने शेजारी ठेवून पाहिले तर हे अधिक उलगडते. पहिला १९८८ च्या फेब्रुवारीतला, आझाद मैदानावरचा. हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. हे आकडे शाळकरी मुलांस पाठ असतात. त्यामागची गंमत मात्र थोड्यांस ठाऊक असते. डाव आता सोडा, अशा खुणा सीमारेषेवरून साहाय्यक शिक्षक करीत होते, आणि ही दोघे कार्टी तिकडे पाहण्याचेच टाळीत होती. रमाकांत आचरेकर सर तेथे नव्हते. उपाहाराच्या वेळी फोनवरून त्यांची आज्ञा आली: डाव सोडा. विनोदला साडेतीनशेला एकच धाव हवी होती. त्याने विनविले, सरांनी ऐकले नाही. मग ७४८ धावांवर डाव सोडण्यात आला, आणि त्याच विनोदने गोलंदाजी करून ३७ धावांत सहा गडी बाद केले.

एका धावेसाठी मुलाचे मन मोडणारा शिक्षक कठोर वाटेल. परंतु सरांच्या त्या नकारात पुष्कळ गोष्टी होत्या. संघापुढे एकट्याचा आकडा मोठा नाही; समोरची मुलेही मुलेच आहेत, त्यांनाही फलंदाजी करावयाची आहे; आणि शिक्षकाचा शब्द मैदानावर नसतानाही मैदानावर असतो. आचरेकर सरांच्या सगळ्याच पद्धती आज शाळेत चालतील असे नाही. मोठ्यांचा सामना पाहण्यासाठी सराव बुडविला म्हणून सचिनच्या गालावर बसलेली त्यांची चपराक प्रसिद्ध आहे, आणि शिष्य तिचे कौतुकाने स्मरण करतो. तथापि चपराकीने सचिन घडला असे मानून हात उगारणाऱ्या शिक्षकांनी हेही पाहावे की हेच सर मुलाला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळावयास नेत असत. आज कायद्याने शाळेत मारण्यास बंदी आहे, आणि ते योग्य आहे.

दुसरा सामना ४ व ५ जानेवारी २०१६ चा, कल्याणचा. भंडारी करंडकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने नाबाद १,००९ धावा केल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडमधील कॉलिन्स या शाळकरी मुलाचा १८९९ पासूनचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. संघाने ३ बाद १,४६५ धावांवर डाव सोडला. समोरची शाळा ३१ व ५२ धावांत बाद झाली. देशभर जल्लोष झाला आणि पंधरा वर्षांचा मुलगा, एका रिक्षाचालकाचा मुलगा, एका रात्रीत घरोघर पोहोचला. त्याच्या कर्तृत्वाविषयी, दमसासाविषयी शंका नाही. पण समोरच्या शाळेची मोठी मुले परीक्षेमुळे आली नव्हती, लहानांवर भागवावे लागले होते, असेही त्या दिवसांत वृत्तपत्रांत आले होते. ती लहान मुले दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावली. पाचशे झाल्यावर, सातशे झाल्यावर, कोणी मोठ्या माणसाने डाव सोडण्याची खूण करावयास हवी होती काय? विक्रम जवळ दिसत असताना ती खूण करणे सोपे नव्हते, हे मान्य करूनही आम्हांस वाटते की करावयास हवी होती. संघ म्हणून उतरलेल्या त्या चिमुकल्यांची अब्रू राखणे हे दोन्ही बाजूंच्या शिक्षकांचे काम होते. आणि विक्रमवीरासाठीही तेच बरे झाले असते, कारण हजार धावांचे ओझे पंधराव्या वर्षी डोक्यावर घेऊन चालणे फार अवघड.

ते ओझे किती जड होते हे पुढे दिसले. मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. दीडएक वर्षाने त्याचा खेळ मनासारखा होईना, तेव्हा वडिलांनी आपण होऊन संघटनेस कळविले की ही रक्कम आता बंद करावी. रिक्षा चालविणाऱ्या माणसाला दहा हजार रुपये म्हणजे काय हे सांगावयास नको. त्या १,००९ धावांपेक्षा हे पत्र शाळांच्या फलकांवर लावण्यासारखे आहे. पण विक्रमाची तारीख सर्वांना ठाऊक असते, पत्राची कोणाला नसते.

आता पुन्हा होसकोट्यासारख्या गावाकडे वळू, कारण आपल्या बहुतेक वाचकांच्या मुलांना आचरेकर सर मिळणार नाहीत आणि द्रविड तर नाहीतच. त्यांना मिळणार आहेत ते कन्नड शाळेतले किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतले पी. टी. चे मास्तर, ज्यांच्याकडे कवायत, गणवेशाची तपासणी, झेंडावंदन, निवडणुकीचे काम आणि गैरहजर शिक्षकांचे तास एवढे सगळे असते आणि खेळाला संध्याकाळचा पाऊण तास उरतो. या पाऊण तासात काय करता येते?

कबड्डीच घ्या. साध्या सरावाला पंच नसतो. चढाई करणारा म्हणतो, मी स्पर्श केला. बचाव करणारा म्हणतो, नाही केला. बहुतेक ठिकाणी मास्तर शिटी वाजवून निकाल देतात व खेळ पुढे जातो. काही जुने शिक्षक मात्र शिटी वाजवीत नाहीत. ते दोघांकडे पाहत उभे राहतात. स्पर्श झालेल्या मुलाने स्वतः हात वर करून बाहेर जावयाचे, हा त्यांच्या मैदानाचा नियम असतो. पहिले आठ-पंधरा दिवस भांडणे होतात, खेळ खोळंबतो, पाऊण तासातली दहा मिनिटे वाया जातात. मग हळूहळू हात वर होऊ लागतात. ज्याने काल हात वर केला नाही त्याला आज कोणी पकडीत भिडू म्हणून घेत नाही, आणि ही शिक्षा मास्तरांच्या छडीपेक्षा फार लवकर लागू पडते.

कर्णधाराची निवड हाही असाच विषय. सर्वांत चांगल्या चढाईपटूला कर्णधार करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याला चढाई जमते. हरत असताना घाबरलेल्या कोपरारक्षकाला दोन शब्द बोलणे जमेलच असे नाही. महिन्या-महिन्याने कर्णधार बदलून पाहिल्यास कोणा अबोल मुलातही माणसे सांभाळण्याची शक्ती आहे असे आढळते. स्पर्धेसाठी अर्थात एकच नेता हवा, पण तो सरावातील या फेऱ्यांनंतर मुलांनी निवडलेला असावा. आणि मुलींच्या संघाला पुरुष शिक्षकच कर्णधार नेमून देतात, त्या मुलींना कोणी विचारीत नाही, ही चाल तर आता बंद व्हावयास हवी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात शंभरावर वर्षांपूर्वी बसविले गेले, त्याला हे दिवस दिसले. अशा मुली शाळेच्याच मैदानातून येतात.

राखीव खेळाडूंचे दुःख वेगळे. सातजण आत असतात, उरलेले बाहेर चटईवर. वर्षभर पहाटे आलेला मुलगा पाच सामन्यांत एकदाही आत गेला नाही तर घरी आईला काय सांगतो? शालेय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत सामना हातात आल्यावर तरी राखीव मुलांना उतरविणे मास्तरांच्या हाती असते. गुण थोडे कमी होतील, होऊ द्यावेत. याच्या आड बहुधा आपण पालकच येतो. क्रीडागुणांमुळे दहावीच्या परीक्षेत मिळणारी सवलत, महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या पाच टक्के राखीव जागा, यांचा हिशेब आपण मूल आठवीत असतानाच मांडतो. खेळाडूंना हे मिळावयास हवेच. परंतु हिशेब मैदानावर आला की प्रमाणपत्राला खेळापेक्षा किंमत येते. महाराष्ट्रात बनावट क्रीडाप्रमाणपत्रांवर नोकरी मिळविल्याची जी प्रकरणे उघडकीस आली ती याच वाटेने.

पालकांनी विचारावयाचे प्रश्न तसे थोडेच आहेत. मूल स्पर्धेहून परत आले की आपण विचारतो, जिंकलात का? त्याऐवजी एकदा, आज कोण कोण खेळले, असे विचारून पाहावे. उत्तर सविस्तर येते. कोणाला बसवून ठेवले, पंचांशी कोण भांडले, हरलेल्या शाळेची मुले कोणत्या बसने गेली, सरांनी सर्वांना वडा कोणत्या हॉटेलात दिला, त्यात राखीव मुलांनाही मिळाला की नाही, हे सगळे त्यात असते. आणि शाळेत दाखल करताना जन्मतारखेचा दाखला खरा द्यावा. होसकोट्याचे मास्तर असोत की साताऱ्याचे, यादी भरताना पुढ्यात खरी तारीख असली म्हणजे त्यांचे निम्मे काम सोपे होते.